बोरधरणचा मुक्काम

आमच्या घरी सहलीचा विषय निघाला की तो तीन दिवस पुरतो आणि चौथ्या दिवशी मिटतो. कोणाला रजा नसते, कोणाचे गुडघे दुखत असतात, कोणी ते ठिकाण पूर्वीच पाहिलेले असते. त्यामुळे गेल्या डिसेंबरात पुण्याहून सुटीवर आलेल्या चिरंजीवांनी मोटारीतून दोन लांबट पिशव्या काढून दिवाणखान्यात टाकल्या आणि “यांत तंबू आहेत. परवा आपण सगळे तंबूत झोपणार,” असे जाहीर केले, तेव्हा मी वर्तमानपत्रातून मान वर काढण्याचीही तसदी घेतली नाही.

चिरंजीव नोकरीनिमित्त दोन वर्षे अमेरिकेत होते. तिकडे प्रत्येक राज्याची आपापली सरकारी उद्याने असतात. शनिवारी मोटारीत तंबू टाकायचा, शे-दोनशे मैल जायचे आणि आधी राखून ठेवलेल्या जागेवर तो उभारायचा. जागेला क्रमांक असतो, बसायला लाकडी मेज असते, शेकोटीसाठी लोखंडी कडे असते, आणि जिथे अस्वलांचा वावर आहे तिथे शिधा कुलपात ठेवायला लोखंडी पेटीसुद्धा असते. हे वर्णन आम्ही इतक्या वेळा ऐकले होते की माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला ते परवच्यापेक्षा चांगले पाठ होते.

“सरकारी जागेत तंबू ना?” खिडकीजवळच्या खुर्चीतून आईने विचारले. “त्यात एवढे काय? आम्ही तर सरकारी तंबूतच राहत होतो. दोन वर्षे. भाडे नव्हते.”

आईचे वय आज ८६ आहे. ती बोलते थोडे, आणि बोलते ते बहुधा दुसऱ्या कोणाचे वाक्य संपल्यावर. नातू तिच्या खुर्चीकडे धावला. “मोठी आजी, तू तंबूत राहायचीस? खरंच?”

खरेच होते. माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पुढे बोर नदीवर धरणाचे काम चालू होते, आणि १९६२ साली त्यांची तिथे बदली झाली. धरण पुरे झाले १९६५ मध्ये. आम्ही त्याच्या आधीच नागपूरला परतलो. तेव्हा मी तीन-चार वर्षांचा. माझ्या आठवणी म्हणाव्या तर तीनच. सकाळी कापडातून झिरपणारा पिवळसर उजेड, उन्हात तापलेल्या कॅन्व्हासचा वास, आणि माती वाहणाऱ्या गाढवांची भीती. यापलीकडचे बोरधरण आमच्या घरात कधी निघालेच नव्हते. मी समजत होतो, आईला तिथे फार सोसावे लागले असेल, म्हणून ती बोलत नसेल. मीही विचारले नाही.

“कुठे जायचे ते ठरले आहे का?” आईने विचारले. ठरले नव्हते. “मग बोरधरणला जाऊ. मी येणार.”

यानंतर दोन दिवस घरात जे झाले ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. आईच्या कंबरेचे दुखणे, डिसेंबरातली थंडी, रात्री उठावे लागणे, आणि साप, असे चार मुद्दे सौभाग्यवतींनी मांडले. चारही बिनतोड होते. आईने शेवटी एकच उत्तर दिले. “मेल्यावर मला जमिनीवरच ठेवणार आहात ना? मग एक रात्र आधी ठेवलेत तर काय बिघडले?” यावर कोण काय बोलणार! सौ.नी मुकाट्याने तीन गाद्या, दोन रजया, एक गरम पाण्याची पिशवी आणि प्लॅस्टिकची खुर्ची बांधायला घेतली.

वर्धा जिल्ह्यात पाहण्यासारखे आहे तरी काय, असे विचारणारे नागपूरकर मला पुष्कळ भेटतात. त्यांच्या मते वर्धा म्हणजे सेवाग्राम, आणि सेवाग्राम म्हणजे शाळेच्या सहलीत एकदा पाहून झालेली जागा. एरवी तिथून गाडी बदलायची. आता तर समृद्धी महामार्ग झाल्यापासून तेही उरले नाही. नागपूरहून मुंबईकडे जाणारा हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता वर्धा जिल्हा इतक्या सफाईने ओलांडतो की गाडीतल्या माणसाला जिल्हा लागल्याचे आणि संपल्याचे कळू नये. चिरंजीवांना त्याच रस्त्याने जायचे होते. मी नको म्हटले. ज्या रस्त्यावर चहाला थांबता येत नाही, तो रस्ता माल वाहायला उत्तम. माणसांनी जुन्याच रस्त्याने जावे.

तेव्हा बुटीबोरीवरून जुन्या वर्धा रस्त्याने निघालो. मी पुढे, मागे आई, सौ. आणि मधे नातू. बुटीबोरीचे कारखाने मागे पडले आणि दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. पहाटेच्या दवाने वेचणी उशिरा सुरू होते. बाया ओटी बांधून नुकत्या शेतात शिरत होत्या. तुरीला पिवळी फुले होती. आई काचेला नाक लावून बाहेर बघत होती.

पन्नासेक किलोमीटरांवर केळझर लागते. टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. गावकरी सांगतात की महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, आणि भीमाने बकासुराला मारले तेही इथेच. देशात आणखी दोन-चार गावे असा दावा करतात म्हणा. पण ज्या गावाला गाडाभर अन्न घेऊन निघालेला भीम शोभतो त्याला तो मिळावा, असे माझे मत आहे. आमच्या मोटारीतला शिधा पाहून नातवाने विचारले की आपणही कोणा राक्षसाकडे निघालो आहोत काय. आई पायऱ्या चढली नाही. खालूनच हात जोडून म्हणाली, “बैलगाडीने आलो होतो तेव्हा.”

पवनारला धाम नदीच्या पात्रात खडकांवर एक छत्री आहे. १९४८ च्या १२ फेब्रुवारीला गांधीजींच्या अस्थी इथे विसर्जित झाल्या. काठावर विनोबांचा परमधाम आश्रम. आम्ही मोटारीने हिंडणारे लोक; पण या जिल्ह्यातला सर्वांत मोठा प्रवासी इथून पायी निघाला होता. मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला जायला विनोबा पवनारहून चालू लागले. पुढे त्याच दौऱ्यात १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले, आणि मग ते जे चालत राहिले ते १९६४ साली पवनारला परतले. तेरा वर्षे! रोज नवा मुक्काम. १९८२ च्या ऐन दिवाळीत, १५ नोव्हेंबरला, याच आश्रमात त्यांनी देह ठेवला.

“विनोबा परत आले तेव्हा तुझे बाबा नागपूरहून त्यांना बघायला आले होते,” आई घाटावर बसल्या बसल्या म्हणाली. “परतल्यावर म्हणाले, तेरा वर्षे माणूस घराबाहेर राहिला. मी म्हटले, त्यांना घर होते कुठे? जिथे गेले तिथे त्यांचे घर.”

आईच्या तोंडून एवढे लांब वाक्य मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो.

वर्ध्यात गोरसपाक घेतला. गाईच्या तुपातला हा खुसखुशीत प्रकार वर्ध्याबाहेर तसा मिळत नाही. मिळतो तो नुसता गोड असतो. मग सेवाग्राम. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी इथे राहायला आले तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. त्यांची पत्रे विदर्भातल्याच दुसऱ्या, गजानन महाराजांच्या शेगावला जात, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केले. बापूकुटी मुळात मीराबहेनची झोपडी. मातीच्या भिंतीवर तिने लिंपून काढलेली झाडे आहेत. खाली चटया, टेकायला फळी, एका बाजूला टेलिफोन. व्हाइसरॉयला गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून तो बसवलेला. साम्राज्य एका टोकाला आणि शेणाने सारवलेली जमीन दुसऱ्या टोकाला, मधे एक तार.

सौ.चे लक्ष मात्र एका पिंजऱ्याकडे आणि लाकडी चिमट्याकडे गेले. आश्रमात निघालेले साप न मारता या चिमट्याने धरीत, पिंजऱ्यात ठेवीत आणि दूर नेऊन सोडीत. “म्हणजे इथे साप निघतात,” सौ. माझ्याकडे पाहून म्हणाल्या. “निघत होते,” मी भूतकाळावर जोर दिला. त्याचा उपयोग झाला नाही.

आई कुटीच्या दाराशी वाकून जमीन निरखत होती. तिने हाताची बोटे जमिनीवरून फिरवली.

“सारवण बरे आहे,” ती म्हणाली. “शेण जरा कमी पडले.”

गांधीजी १९४६ च्या ऑगस्टात ही कुटी सोडून गेले ते पुन्हा इथे आले नाहीत. दहा वर्षांचे घर. मी ते नातवाला सांगत होतो, पण त्याला भूक लागली होती.

सेलूला परत येऊन उजवीकडे न जाता हिंगणीच्या रस्त्याला लागलो तेव्हा तीन वाजून गेले होते. हिंगणीनंतर सागाची झाडे सुरू होतात. पानगळ लागलेली होती. ताटाएवढी वाळकी पाने रस्त्यावर खडखडत होती. आणि मग एकदम समोर धरणाची भिंत. मातीचे धरण लांबून टेकडीसारखेच दिसते. मधे काळ्या चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचा भराव, पाण्याकडच्या बाजूला दगडांचे अस्तर. हे बाबांनी मला पुढे एकदा पुठ्ठ्यावर काढून दाखवले होते. ३६ मीटर उंचीची ही टेकडी माणसांनी आणि गाढवांनी टोपलीटोपलीने उचलून इथे आणली. वर फक्त रूळ फिरत.

पाणी शेतीसाठी अडवले. पण त्या पाण्याने दुसरेही काही केले. भोवतीच्या जंगलाला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. गाभाक्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटर. देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत ते सर्वांत लहान म्हणून ओळखले जाते. मात्र जागा मोक्याची. पेंच, मेळघाट, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला अशा मोठ्या जंगलांच्या मधे हे बसले आहे, म्हणजे वाघांच्या दृष्टीने ही जाता-येतानाची धर्मशाळाच. मात्र वाघाच्या वाटेवर आता आपले रस्ते आले. बोरचा नामांकित वाघ बाजीराव डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. हे वाचले तेव्हा मला बाबा आठवले होते. आपण वाघांसाठी पाणवठा बांधतो आहोत, असे त्या सरळ माणसाच्या मनातही आले नसेल.

चिरंजीवांचा बेत जलाशयाच्या काठावर तंबू ठोकण्याचा होता. फाटकावरच्या वनरक्षकाने तो दोन वाक्यांत मोडीत काढला. जंगलात आणि काठावर तंबूला परवानगी नाही. राहायचे तर पर्यटकांच्या निवासात खोली घ्या. चिरंजीव अमेरिकेच्या उद्यानांविषयी बोलू लागले. वनरक्षकाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तिकडं वाघ असतात का?” मला तरी त्याचे म्हणणे पटले. जंगल वाघाचे घर आहे. तिथे रात्री आपण दाराशी पथारी पसरायची म्हणजे कोणाची तरी पंचाईत.

आता खोलीच घ्यावी असे सौ. म्हणू लागल्या. आई मात्र मोटारीतून उतरून काठी टेकीत चालू लागली होती. धरणाकडे पाठ करून ती उभी राहिली, डावीकडे पाहिले, मग उजवीकडे. “मोठा मोह होता. त्याच्या मागे नाला. नाल्याच्या अलीकडे आठ राहुट्या एका ओळीत, आपली शेवटची.” मोह कुठेच नव्हता. नाला होता, पण तसे नाले तीन होते. जिथे-तिथे बाभळी आणि घाणेरी माजलेली. आम्ही तिच्या मागे अर्धा तास हिंडलो. साठ वर्षांनंतर राहुटीची जागा सापडावी कशी? राहुटीला पाया नसतो. ती उचलली की दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या जागी गवत.

एका शेताच्या धुऱ्यावर आम्हाला एक गृहस्थ भेटले. डोक्याला दुपट्टा, हातात विळा. आमचा घोळका पाहून त्यांनीच हटकले.

“काय हरवलं जी?”

“घर,” आई म्हणाली.

मग सगळे सांगून झाले. त्यांनी जंगलाच्या दिशेने हात केला. “तिकडं नोका जाऊ. सांजच्याले वाघ निंगते. आमच्या आंगनात ठोका न तंबू. तारेचं कुंपन हाय. मायले खाट देतो.”

शेतातच त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. पुढे ऐसपैस अंगण, कडुनिंबाचे झाड, एका बाजूला गोठा. आई अंगणात शिरली ती थेट कडुनिंबाकडे न जाता गोठ्यापाशी थांबली. तिथे एक पांढरी गाय बांधली होती. गवळाऊ जातीची, वर्ध्याची खास. पण आई गाईकडे पाहत नव्हती. गाय ज्या मेखेला बांधली होती तिच्याकडे पाहत होती. जाड लोखंडाची हातभर मेख, डोक्याशी वाकवून आकडा केलेली.

“ही कुठली?”

“जुन्या क्यांपची जी. नांगराले लागते कधीकधी. माह्या बापानं चार-पाच गोळा केल्या होत्या.”

“राहुटीची मेख आहे ही,” आई माझ्याकडे वळून म्हणाली. “अशा बारा असायच्या. म्हणजे इथेच.”

आठ राहुट्यांच्या त्या वस्तीतली ही मेख आमचीच कशावरून, आणि नांगराला ती याच शेतात लागली कशावरून, हे प्रश्न मला पडले. चिरंजीवांनाही पडलेले त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. कोणी विचारले नाहीत.

नव्या तऱ्हेचे तंबू पंधरा मिनिटांत उभे राहतात. बारीक कांब्या एकमेकींत बसवायच्या, वाकवायच्या, आणि वर नायलॉनचे कापड ओढायचे. मेखा बोटभर लांबीच्या, ॲल्युमिनियमच्या. आईने एक हातात घेऊन पाहिली आणि “केसांत घालायची का?” असे विचारून परत केली. पण तंबू उभा राहिला तशी तिच्यात जी हालचाल आली ती पाहून मी थक्क झालो. दार पूर्वेला हवे म्हणून तिने अख्खा तंबू फिरवायला लावला. आत चपला घेऊन गेलेल्या चिरंजीवांना बाहेर काढले. गाद्या कुठे, पाण्याचे भांडे कुठे, कंदील, म्हणजे विजेरी, कुठे टांगायची, सगळे सांगितले. सौ. काही सुचवायला गेल्या तर म्हणाली, “तू बस. दमली असशील.”

मग ती तंबूच्या दाराशी आत मांडी घालून बसली. मी अंगणात उभा होतो. तिने वर पाहिले आणि म्हणाली, “ये, आत ये. बाहेर का उभा?”

घरी आलेल्या माणसाला म्हणतात, तशा स्वरात.

रात्री रोडगे झाले. विदर्भात शेतावर जेवण म्हणजे रोडगे, हे सांगायला नकोच. पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप ओतायचे आणि तुरीच्या वरणाबरोबर, वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. घरधनीण रोडगे वळत होत्या आणि आई खुर्चीत बसून विस्तव कुठे जास्त, कुठे कमी, ते सांगत होती. दोघींचे छान जमले. नातवाने पाच रोडगे खाल्ले आणि अमेरिकेतल्या लोखंडी कड्याविषयी एक अक्षर विचारले नाही.

जेवणानंतर घरधनी जागलीला निघाले. तुरीत रानडुक्कर शिरते, रोही शिरतात. रात्रभर मचाणावर बसून डबा वाजवायचा. वाघाची भीती नाही का वाटत, असे विचारले तर म्हणाले, “वाघ धान नाही खात जी. डुकराची भेव वाट्टे.” आम्ही एका रात्रीसाठी हौसेने बाहेर झोपायला आलो होतो. ते पीक निघेपर्यंत रोज झोपत होते, म्हणजे झोपत नव्हते. चिरंजीवांनी तंबूची किंमत कोणाला सांगू नये असे मला वाटले, आणि त्यांनीही ती सांगितली नाही.

रात्री केव्हातरी जाग आली. शेजारची गादी रिकामी होती. दाराची साखळी उघडी. मी धडपडत बाहेर आलो. धुक्यासारखे दव पडत होते. आई काठी बाजूला ठेवून तंबूच्या कोपऱ्याशी बसली होती आणि थंडीने गारठलेल्या बोटांनी दोरीची गाठ सोडू पाहत होती.

“आई! काय करते आहेस?”

“तणावे सैल करते आहे. दवाने ओढतात. मेखा उपटून येतात.”

“हे नायलॉनचे आहेत, आई. ओले झाले तरी ओढत नाहीत.”

तिने दोरी चाचपून पाहिली. “हो का?” म्हणाली. जराशी निराश झाल्यासारखी. मी तिला खुर्चीत बसवले, अंगावर रजई दिली, आणि गोवऱ्यांचा विस्तव उकरला. लांब मचाणावरून डबा वाजत होता.

“रोज रात्री मीच उठत असे,” ती म्हणाली. “तुझे बाबा दिवसभर उन्हात, रात्री मेल्यासारखे झोपत. भोवती चर खणलेला, मागच्या कनातीत चूल, पुढे तुझी झोळी. रोज सारवायचे. सारवले की तंबूही घर दिसतो. शनिवारी पगार, मग हिंगणीचा बाजार. दिवाळीला प्रत्येक मेखेपाशी एक पणती लावली होती. बारा. तुझे बाबा ओरडले, कापड पेटेल म्हणून. मग स्वतःच लांब जाऊन बघत उभे राहिले.”

“फार हाल झाले असतील ना तुझे इथे?” साठ वर्षांत न विचारलेला प्रश्न मी विचारला.

तिने माझ्याकडे नवलाने पाहिले. “हाल? वेडा की काय! तेवढाच तर माझा संसार.”

मला कळले नाही.

“लग्न होऊन महालातल्या वाड्यात आले. तो सासूबाईंचा. परत आलो तेव्हाही त्यांचाच. त्या गेल्या तोवर तुझे लग्न झाले, मग तू घर बांधलेस. ते तुमचे.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजाराचा हिशेब सांगावा तसे ती सांगत होती. “इथे मीठ कुठल्या डब्यात ठेवायचे ते मला कोणाला विचारावे लागत नसे.”

माझ्या घरात आई पस्तीस वर्षे राहते आहे. तिला पूर्वेची खोली दिली आहे, डॉक्टर दर महिन्याला येतो, तिच्या शब्दाबाहेर कोणी नाही असे मी चारचौघांत सांगत आलो. मिठाचा डबा कुठे असतो हे मलाही ठाऊक नाही, असे मी म्हणणार होतो. म्हटले नाही. विस्तवावर एक गोवरी टाकली. मागे तंबूत कूस बदलल्याचा आवाज झाला आणि थांबला. सौ. जाग्या होत्या.

वाघ आला नाही, साप निघाला नाही. पहाटे मोर ओरडले. धरणाच्या भिंतीवर ऊन आले तेव्हा मी तंबूत पडूनच होतो, आणि कापडातून पिवळसर उजेड झिरपत होता. नायलॉन असले तरी उजेड तोच.

बाहेर तीन दगडांची चूल पेटली होती. सौ.नी चहा-साखरेचे डबे उघडले, मग क्षणभर थांबून ते आईपुढे सरकवले. “आई, चहा तुम्ही टाकता? मला तुमच्यासारखा जमत नाही.” आईने वर पाहिले नाही. “पाणी मोज,” म्हणाली. “सात कप. घरधनी जागून आले आहेत, त्यांना आधी.”

निघताना पैसे देऊ केले तर घरधन्यांनी हात मागे घेतला. शेवटी नातवाने आपली विजेरी त्यांना मचाणासाठी दिली. ती त्यांनी घेतली. मोटार सुरू झाली तसे ते गोठ्याकडे गेले, गाय सोडून खांबाला बांधली, मेख हलवून हलवून उपटली आणि खिडकीतून आईच्या मांडीवर ठेवली. मातीसकट. “न्या माय. मायाजवळ अजून हायेत.” आईने ती पदरात गुंडाळली. नागपूर येईपर्यंत ती गाढ झोपली होती, पण हात मेखेवरच होता.

ती मेख सध्या आमच्या मागच्या अंगणात आहे. आईने ती चिरंजीवांकडून ठोकून घेतली, समोरच्या पेरूच्या झाडापर्यंत दोरी बांधून घेतली, आणि त्या दोरीवर काय वाळत घालायचे, काय नाही, हे ती ठरवते. परवा मी माझा टॉवेल टाकायला गेलो तर सौ. आतून ओरडल्या, “अहो, आईंना विचारले का?”